सायकल आपल्या मापाची हवी

"ताई, एखादं गिऱ्हाईक असलं तर बघा ना. सायकल काढायचीय."

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या महिला मंडळाच्या शिवणवर्गाला येणाऱ्या एक ताई मला असं म्हणाल्या, तेव्हा मी चमकलेच. सायकल होती त्यांच्या लेकीची. मुलगी नववीतली. त्यांची वस्ती गावापासून चार-साडेचार किलोमीटरवर, शाळेच्या वेळेला धड एसटी नाही, म्हणून जूनमध्येच पै-पै साठवून ही सायकल घेतलेली. आणि सहा महिन्यांच्या आत विकायची?

"का हो, काय झालं?"

"तिला जमतच नाही. रोज घरी आली की गुडघे धरून बसते. निम्म्या वाटेत उतरून ढकलत नेते. शाळेला उशीर झाला की बोलणी खाते. तिचे वडील म्हणतात, राहू दे आता घरी. तसंही पुढे..."

पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. ते काय असेल हे तुम्हाला मी सांगायला नको, मैत्रिणींनो. आपल्यापैकी कितीजणींच्या शिक्षणाला असल्याच अर्ध्या वाक्यांनी फुलस्टॉप दिलाय!

मी त्यांना म्हटलं, "गिऱ्हाईक नंतर बघू. आधी मला सायकल दाखवा."

रविवारी वस्तीवर गेले. सायकल चांगली होती, बिनदांडीची, पुढे बास्केट, मागे कॅरिअर. मुलगी उंच, काटक, शेतात आईच्या बरोबरीनं काम करणारी. तिला म्हटलं, जरा चालवून दाखव. ती बसली, पेडल मारायला लागली आणि मला कोडं उलगडलं. पेडल वर आलं की तिचा गुडघा पोटाशी येत होता. खाली गेलं तरी पाय काही सरळ होत नव्हता. लहान मुलांच्या तीनचाकीवर मोठ्या माणसाला बसवावं, तशी बिचारी दिसत होती.

"सीट एवढी खाली कुणी केली गं?"

"दुकानातच केली," आईच म्हणाली. "मीच सांगितलं त्यांना. दोन्ही पाय जमिनीला पुरते टेकले पाहिजेत. पोरीची जात, पडायला नको."

माझीच फजिती

हे मला चटकन कळलं, कारण त्याच खड्ड्यात मी आधी पडून झाले होते. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी "चालत जा किंवा सायकल चालवा" म्हटलं आणि मी हौसेनं सायकल घ्यायचं ठरवलं. ठरवलं मी, पण निवडली कुणी? आमच्या ह्यांनी आणि चिरंजीवांनी! एकवीस गिअरची, जाड खडबडीत टायरची, पुढे-मागे स्प्रिंगा असलेली, पुढे वाकून चालवायची. चिरंजीव म्हणाले, "आई, एकदम भारी आहे!" भारी होतीच, वजनालाही. पंधरा दिवसांत मान धरली, मनगटांना मुंग्या येऊ लागल्या आणि सीटचा असा जाच व्हायला लागला की कुणाला सांगायचीही चोरी. मग ती सायकल पोर्चमध्ये उभी राहिली आणि हँडलवर पायपुसणी वाळायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "मी म्हटलंच होतं, हे काय वय आहे का?" मलाही वाटलं, खोट माझ्यातच असणार.

आमच्या चौकात सायकल दुरुस्तीचं जुनं दुकान आहे. तिथले काका सत्तरीला आलेत. शेवटी ती सायकल विकून येईल का, हे विचारायला त्यांच्याकडे नेली. त्यांनी मला सायकलशेजारी उभं केलं, एकदा वर-खाली बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, ब्लाउज शिवायला टाकताना माप देता ना? मग सायकल बिनमापाची कशी घेतलीत?"

त्या एका वाक्यानं माझे डोळे उघडले. काकांकडून पुढे दोन महिने मी एकेक गोष्ट शिकले. पाना धरायलासुद्धा! तेच आज तुमच्यापुढे मांडतेय.

घेताना काय बघाल?

पहिला प्रश्न "कोणती कंपनी?" हा नाहीच. पहिला प्रश्न, "सायकल कशासाठी हवी?" शाळेला-नोकरीला जायला, भाजी-दळण आणायला, की सकाळी व्यायामाला?

सपाट डांबरी रस्ता आणि रोजचं चार-पाच किलोमीटर जाणं-येणं असेल, तर बिनगिअरची साधी लेडीज सायकल उत्तम. दांडी नसल्यानं साडीत किंवा ड्रेसमध्ये चढ-उतार सोपा. चेनला पूर्ण कव्हर आणि मागच्या चाकाला जाळी हवी, म्हणजे पदर, ओढणी, सलवार अडकत नाही. दुरुस्ती कुठल्याही खेड्यात होते. आपल्या वडिलांच्या जमान्यातली २८ इंची चाकांची काळी सायकल मजबूत खरी, पण बहुतेक बायकांच्या उंचीला ती मोठी पडते आणि उचलायलाही जड.

वाटेत चढ-उतार असतील तर गिअर हवेत. पण एकवीस गिअरचा सोस कशाला? मागे पाच-सात गिअर असले तरी रोजच्या वापराला भरपूर झाले. रस्ता कच्चा, खड्ड्यांचा असेल तर जरा जाड टायर बरे. पण डांबरी रस्त्यावर ते खडबडीत टायर नुसते घासतात आणि आपला दम काढतात. स्वस्तातल्या सायकलींना मागे जी स्प्रिंग असते, तिनं वजन वाढतं आणि पेडल मारायची काही ताकद ती स्प्रिंग दाबण्यातच जाते. दिसायला झकास, चालवायला त्रास! शहरात 'हायब्रिड' नावाची सायकल मिळते. तिची चाकं मोठी, टायर त्यामानानं बारीक आणि वजन कमी. रोज लांबचं अंतर कापणारीला ती चांगली.

हल्ली बॅटरीच्या सायकलीही आल्यात. २५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंत वेग असेल तर त्यांना लायसन्स, नोंदणी लागत नाही. गुडघे दुखणाऱ्या मैत्रिणींनी जरूर विचार करावा. मात्र त्या वजनदार असतात, आणि वाटेत बॅटरी संपली तर तेवढं वजन पायांनीच ओढायचं, हे लक्षात ठेवा.

आता माप. दुकानदार "२६ इंची घ्या" म्हणतो, ते माप चाकाचं. आपल्याला महत्त्वाचं असतं फ्रेमचं, म्हणजे सांगाड्याचं माप. चाकं तेवढीच असली तरी दोन सायकलींच्या फ्रेम लहान-मोठ्या असू शकतात. साधारण पाच फुटांच्या आत-बाहेरच्या बाईला लहान फ्रेमची २६ इंची किंवा २४ इंचीसुद्धा चालते. दांडीची सायकल असेल तर दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभ्या राहा. दांडी आणि शरीर यांत निदान दोन बोटांची जागा हवी. मुलीला "वाढत्या अंगाची" म्हणून मोठी सायकल घेऊ नका. युनिफॉर्म वाढत्या अंगाचा घ्यावा, तो नुसता ढगळ दिसतो. सायकल मोठी घेतली तर ब्रेक हातात मावत नाही आणि पोर पडते.

आणि एक. दुकानात आपण स्वतः जायचं. बसून, चालवून बघायचं. लोक बघतात तर बघू देत.

बसवून घेताना

सायकल कितीही चांगली असली तरी ती आपल्या अंगाला बसवून घ्यावी लागते. यातली मुख्य गोष्ट सीटची उंची. भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसा. एक पेडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय गुडघ्यात सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला झुकता कामा नये. ही झाली तुमची उंची. प्रत्यक्ष चालवताना पेडलवर टाच नाही, चवडा ठेवायचा. मग गुडघा आपोआप किंचित वाकलेला राहतो. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर बहुतेक वेळा सीट खाली असते. मागच्या बाजूला ओढ लागत असेल तर ती फार वर असते.

आता तुम्ही म्हणाल, मग पाय जमिनीला टेकणार कसे? सीटवर बसल्या-बसल्या दोन्ही तळवे टेकायचेच नसतात! थांबताना सीटवरून पुढे उतरायचं आणि पाय टेकायचा. नवशिकीनं मात्र सीट खालीच ठेवावी, पाय टेकण्याचा धीर हवाच. पण तोल जमला की दर आठ-पंधरा दिवसांनी बोटभर वर घ्यायची. आपली चूक होते ती इथं. शिकतानाची सीट आपण जन्मभर तशीच ठेवतो. पडू नये म्हणून खाली ठेवलेली सीटच मग पायांतली ताकद खाते. सीटच्या नळीवर एक खूण कोरलेली असते, ती खूण बाहेर दिसेल इतकी मात्र नळी कधीच वर काढू नका. सायकल चालू असताना नळी वाकू किंवा निसटू शकते.

सीट सपाट हवी, भुईला समांतर. तिचं टोक वर असेल तर नाजूक जागी जाच होतो. हे दुकानात चार पुरुषांसमोर बोलायला आपल्याला संकोच वाटतो आणि मग "मला सायकल सोसत नाही" म्हणून आपण गप्प बसतो. अगं, नट सैल करून टोक जरा खाली घ्यायचं, दोन मिनिटांचं काम! बायकांच्या बसण्याच्या हाडांतलं अंतर साधारणपणे पुरुषांपेक्षा जास्त असतं, म्हणून मागून जरा रुंद सीट घ्यावी. मात्र उशीसारखी मऊ नको, तीवर घसरायला होतं.

हँडल सीटच्या बरोबरीनं किंवा थोडं वर. कोपर किंचित वाकलेलं राहिलं, मान न ताणता समोरचं दिसलं, म्हणजे बरोबर. ब्रेकचं तर विचारूच नका. आपले हात लहान आणि ब्रेकच्या मुठी मोठ्या! बऱ्याच सायकलींत मूठ हँडलजवळ आणायला एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवून घ्या. ब्रेक निम्मा दाबला की चाक थांबायला हवं, मूठ हँडलला टेकता कामा नये. रबर रिमवर बसतंय ना, टायरला घासत नाही ना, हेही वाकून बघा.

हवा किती भरायची हे टायरच्या कडेवर लिहिलेलं असतं. कमी हवेची सायकल म्हणजे चिखलातून चालणं. आठवड्यातून एकदा अंगठ्यानं दाबून बघायची सवय लावा. चेनला महिन्यातून एकदा तेलाचे चार थेंब द्या आणि वरचं तेल फडक्यानं पुसून टाका, नाहीतर धूळ धरते. नवी सायकल दोन-तीन आठवड्यांनी परत दुकानात न्यायची. तोवर नट आणि ब्रेकच्या तारा सैल झालेल्या असतात.

आणि चालवताना

मोठ्या वयात शिकायचंय? मग कुणाला मागून कॅरिअर धरून पळवू नका. दोन्ही पेडल काढून टाका. लक्षात ठेवा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते उलट्या बाजूला फिरवलं की सुटतं. सीट खाली घ्या आणि शाळेच्या मैदानावर पायांनी ढकलत-ढकलत सायकल पुढे न्या. हळूहळू पाय उचलून तरंगायला शिका. नजर चाकाकडे नाही, लांब समोर. तोल आला की पेडल लावा. आमच्या मंडळातल्या कितीतरी जणी अशाच शिकल्या, आणि गुडघे कुणाचे फुटले नाहीत.

गिअरचं तंत्र एसटीच्या ड्रायव्हरकडून शिकावं. घाट लागायच्या आधीच तो गिअर बदलतो. आपणही चढाच्या आधी, पेडल हलकं फिरत असतानाच बदलायचा. चढावर मधेच जोर लावून खटकन बदलला की चेन उतरलीच म्हणून समजा. उतारावर दोन्ही ब्रेक मिळून, हळूहळू दाबायचे. नुसता पुढचा ब्रेक करकचून दाबला तर आपण हँडलवरून पुढे! कुठली मूठ कुठल्या चाकाची, ते आधी उभ्या-उभ्या दाबून पाठ करून ठेवा. पावसात ब्रेक उशिरा लागतो, म्हणून तो आधीपासून दाबायला घ्या.

डाव्या बाजूनं जायचं, पण अगदी कडेच्या वाळूत नाही. तिथं चाक घसरतं. कडेपासून हातभर आत राहायचं. हँडलला पिशव्या लटकवू नका, त्या पुढच्या चाकाच्या तारांत जातात. ओझं मागे कॅरिअरवर, घट्ट बांधून. ओढणीला गाठ, पदर खोचलेला, मागे लाल रिफ्लेक्टर आणि डोक्यावर हेल्मेट असावं. आणि घंटी हवीच. ती बिनधास्त वाजवावी!

पुदुकोट्टईच्या बायका

सायकल ही काय एवढी मोठी गोष्ट, असं वाटतं का? तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहीम चालली होती. तिथल्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी वाचन-लेखनाबरोबर बायकांनी सायकल शिकणं हाही त्या मोहिमेचा भाग केला. हजारो ग्रामीण बायका सायकल शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याबद्दल लिहिलंय. मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. लेडीज सायकली पुरेनात, म्हणून बायकांनी जेन्ट्स सायकली घेतल्या. आणि काहींना तर त्याच जास्त पसंत पडल्या, कारण पुढच्या दांडीवर मूल बसवता येतं! बघा, कोणती सायकल आपल्या कामाची हे त्यांचं त्यांनी ठरवलं.

बिहारमध्ये २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला. योग्य वयात माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं आणि मुलगा-मुलगी यांच्यातली तफावत ४० टक्क्यांनी कमी झाली, असं त्यांना आढळलं. शाळा तीन किलोमीटरपेक्षा लांब असलेल्या गावांत हा फरक मुख्यतः दिसला. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत शाळेत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी मदत मिळते. पण सायकल हातात देऊन काम संपत नाही, हे मी त्या वस्तीवर पाहिलं. तिथं सायकल होती, रस्ता होता, मुलीची इच्छाही होती. अडलं होतं ते चार बोटांच्या नळीपाशी.

नेलपॉलिशची खूण

त्या रविवारी मी पिशवीतून पाना काढला. मुलीचे वडील ओट्यावर बसून बघत होते, काही बोलले नाहीत. सीट एकदम वर घेतली नाही, बोटभरच घेतली. मुलगी घाबरली, "काकू, पाय नाही पुरत." म्हटलं, "उतरताना पुढे सरक आणि मग टेक." दोनदा धडपडली, तिसऱ्यांदा जमलं. पुढच्या रविवारी आणखी बोटभर. चौथ्या रविवारी ती मला बांधापर्यंत जाऊन वळून आलेली दिसली, आणि उतरल्यावर गुडघ्याला हात लावला नाही.

पाना तिच्याच हातात दिला. योग्य उंची सापडली तेव्हा तिनं घरातलं लाल नेलपॉलिश आणून नळीवर रेघ मारली, म्हणजे कुणी सीट खाली-वर केली तरी परत लावता येईल.

सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. उलट्या वाऱ्याच्या दिवशी ती अजून दमते. अंधाराच्या आत घरी यायचं यावरून वडिलांशी वाद होतातच, आणि शाळेच्या वाटेवर टवाळकी करणारी पोरं आहेत, त्यांचा बंदोबस्त कुठल्याही पान्यानं होत नाही. त्यासाठी आम्ही वस्तीवरच्या पाच मुलींना एकत्र जायला लावलंय. पण ती दहावी पास झाली आणि आता अकरावीला त्याच सायकलवर जाते. विकायचं नाव परत कुणी काढलं नाही.

मागच्या महिन्यात सहज गेले होते. सायकल अंगणात उभी. नळीकडे नजर गेली तर लाल रेघेच्या खाली आणखी एक रेघ, गुलाबी.

"ही कुणाची गं?" मी विचारलं.

मुलगी हसायला लागली. आई पदर तोंडाला लावून आत पळाली.

मैत्रिणींनो, तुमच्या लेकीची सायकल आज संध्याकाळी जरा बघा. टाच पेडलवर ठेवून, भिंतीला धरून. आणि लेकीचं झालं की स्वतःचीही रेघ मारून घ्या.